निळ्या बोर्डाआधीची गोष्ट

पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर 'उनो', म्हणजे दिवे, मोटारी, सेन्सर चालवता येतील अशी प्रोग्रॅम करण्याजोगी चिप लावलेला आर्डुइनोचा निळा बोर्ड, मागितला की दुकानदार विचारतो, "ओरिजिनल देऊ की क्लोन?" एरवी असा प्रश्न ऐकून गिऱ्हाईक बिचकेल. इथे बिचकायचे कारण नाही. आर्डुइनोच्या बोर्डाचा आराखडा कुणीही बघावा, बनवावा, विकावा म्हणून मुद्दाम खुला ठेवलेला आहे. त्यावर आर्डुइनोचे नाव छापायला तेवढी मनाई. हे असे का झाले, त्याचे मूळ इटलीतल्या इव्हरेआ नावाच्या एका लहान गावात सापडते.

त्याआधी चिपविषयी थोडे. इंटेलचा ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपवरचा छोटा संगणक, आला १९८० साली, आणि आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या कित्येक तुकड्या त्याच्यावरच शिकल्या. अवघड काम होते ते चिपमध्ये प्रोग्रॅम घालण्याचे. असेंब्ली या यंत्राजवळच्या किचकट भाषेत लिहायचे, चिप 'प्रोग्रॅमर' नावाच्या वेगळ्या यंत्रात बसवून 'बर्न' करायची, मग सर्किटवर लावून बघायचे. चूक निघाली की काचेची खिडकी असलेली चिप अतिनील दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटे ठेवून पुसायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. १९९३ च्या सुमारास विजेनेच पुसता येणाऱ्या चिप आल्या, मायक्रोचिपची पिक १६सी८४ आणि ॲटमेलची ८९सी५१, आणि दिव्याची गरज संपली. प्रोग्रॅमर मात्र टेबलावरच राहिला. पुढे नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमचे विद्यार्थी आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोलान यांनी आखलेली एव्हीआर ही चिपची रचना ॲटमेलने बाजारात आणली. सी भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम तिच्यावर नीट चालावा, हा विचार तिच्या आखणीतच होता. मूळ उनोच्या पोटात याच रचनेची चिप असते.

इव्हरेआ हे ओलिव्हेट्टीच्या टाइपरायटरचे गाव. तिथल्या इंटरॲक्शन डिझाइन इन्स्टिट्यूटमध्ये शिकायला येणारी मुले डिझायनर होती. दिवा हात जवळ नेल्यावर लागावा, खुर्चीने बसणाऱ्याला ओळखावे, असल्या कल्पना त्यांच्या डोक्यात. हाताशी काय, तर पॅरॅलॅक्स कंपनीचा बेसिक स्टॅम्प हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड. तो १९९२ पासून मिळत होता, शिकायला सोपा होता, पण किंमत सुमारे ५० डॉलर आणि ताकद बेताची.

तिथे कोलंबियाहून आलेल्या एर्नांदो बरागान या विद्यार्थ्याने २००३ मध्ये पदव्युत्तर प्रबंधासाठी 'वायरिंग', म्हणजे एक बोर्ड आणि त्याला प्रोग्रॅम करायचे सॉफ्टवेअर, उभे केले. मार्गदर्शक होते मासिमो बांझी आणि केसी रीस. रीस यांनी बेन फ्राय यांच्यासोबत एमआयटीत 'प्रोसेसिंग' ही कलाकारांसाठीची प्रोग्रॅमिंग व्यवस्था घडवली होती. बरागानने प्रोग्रॅम लिहायची तीच खिडकी, तोच साधेपणा, प्रोग्रॅमला 'स्केच' म्हणण्याची तीच रीत हार्डवेअरला आणली. सेटअप आणि लूप, पिनमोड आणि बोर्डाची पिन चालू-बंद करणारा डिजिटलराइट हे शब्द आज शाळकरी पोरेही सहज टाइप करतात. ते वायरिंगमधून आलेले आहेत. आर्डुइनोची गोष्ट सांगताना हे नाव अनेकदा गळते, आणि ते गळू नये असे मला फार वाटते. २०१६ मध्ये बरागान यांनी स्वतःच हा सारा इतिहास लिहून लोकांपुढे ठेवला.

२००५ मध्ये बांझी, डेव्हिड क्वार्तिएयेस आणि डेव्हिड मेलिस यांनी वायरिंगचा धागा उचलून तो स्वस्त एटीमेगा८ चिपवर आणला. जियानलुका मार्तिनो आणि टॉम आयगो पुढे त्यांना मिळाले. नाव घेतले गावातल्या बारचे. तो बार होता १००२ मध्ये इटलीच्या गादीवर बसलेल्या आर्दुइन राजाच्या नावाचा. याच सुमारास इन्स्टिट्यूटचे पैसे संपत आले होते. संस्था बंद झाली तर काम कपाटात अडकून पडेल, ही भीती खरी होती. म्हणून त्यांनी आराखडा आणि सॉफ्टवेअर दोन्ही खुले करून टाकले. दुकानदाराच्या त्या प्रश्नाचा उगम हा.

टेबलावरचा प्रोग्रॅमर हटवला तो बूटलोडरने. हा एक छोटा प्रोग्रॅम चिपमध्ये आधीच घातलेला असतो. तो केबलवरून आलेला नवा कोड स्वतःच मेमरीत लिहून घेतो. सुरुवातीला दर वेळी रीसेटचे बटण अचूक वेळी दाबावे लागे. २००७ च्या 'दिएचिमिला' बोर्डाने तेही काम स्वतःकडे घेतले. (या इटालियन शब्दाचा अर्थ दहा हजार, तेवढे बोर्ड तयार झाल्याची ती खूण.) २०१० मध्ये उनो आला: १६ मेगाहर्ट्झ, प्रोग्रॅम साठवायला ३२ केबी फ्लॅश मेमरी, अवघी २ केबी रॅम. ७ आणि ८ क्रमांकाच्या पिनांमधले अंतर आजही नेहमीच्या ब्रेडबोर्डाच्या (डाग न देता सर्किट जोडायच्या पाटीच्या) भोकांशी जुळत नाही. ती आरंभीच्या आखणीतली चूक आहे. पण तोवर त्याच मापाने बोर्डावर खोचायच्या जोडपाट्या, म्हणजे शील्ड, इतक्या तयार झाल्या होत्या की ती दुरुस्त करता आली नाही.

पुढे नावाच्या मालकीवरून संस्थापकांतच तंटा झाला, २०१५ मध्ये अमेरिकेबाहेर 'जेनुइनो' हे दुसरे नाव वापरावे लागले, २०१६ मध्ये समेट झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये क्वालकॉम या चिप कंपनीने आर्डुइनो विकत घेत असल्याचे जाहीर केले.

दरम्यान २०१४ मध्ये शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची वायफायवाली ईएसपी८२६६ ही चिप आली. तिची माहितीपत्रके चिनी भाषेत. जगभरच्या छंदवाल्यांनी ती एकमेकांसाठी उलगडली आणि वर्षभरात ती आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरवर चालवूनही दाखवली. २०१६ च्या ईएसपी३२ चेही तसेच. २०२१ मध्ये ४ डॉलरला आलेल्या रास्पबेरी पाय पिको या ब्रिटिश बोर्डावर पायथन भाषेत लिहायची सोय आहे, तरी पुष्कळ जण त्याच्यासाठीही आर्डुइनोचे सॉफ्टवेअरच उघडतात. एलईडी चमकवण्यासाठी चिनी, ब्रिटिश, इटालियन अशा तिन्ही बोर्डांवर ओळ तीच लिहावी लागते, बरागानची डिजिटलराइट.