गवताखालचं वाळवंट

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात आर्थर नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. क्षेत्रफळ सुमारे 1,860 चौरस किलोमीटर आणि 2020 च्या जनगणनेत माणसं 434. आपल्याकडे एवढी माणसं एका लग्नात जेवून जातात. तिथे माणशी चार चौरस किलोमीटरहून जास्त जागा येते!

पाणी नसेल, असं पहिल्यांदा वाटतं. पण इथे पायाखाली ओगलाला हा प्रचंड भूजलसाठा आहे. अडचण वाळूची आहे. सँडहिल्स नावाच्या या सुमारे 50,000 चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात वाळूच्या टेकड्या आहेत, काही शंभर मीटरहून उंच. वर गवत असल्यामुळे त्या हिरव्या दिसतात इतकंच. पाऊस पडला की ओढ्याला न मिळता थेट खाली जिरतो.

या टेकड्या वाऱ्याबरोबर कधी सरकत होत्या, हे वाळूचा कणच सांगतो. वाळूतल्या क्वार्ट्झ या खनिजाचा कण अंधारात गाडला गेला की भोवतालच्या किरणोत्साराची थोडी थोडी ऊर्जा साठवत राहतो. ऊन लागलं की साठा रिकामा. प्रयोगशाळेत त्यावर प्रकाश टाकून साठा मोजला, की शेवटचं ऊन कधी लागलं ते कळतं. सुमारे हजार ते आठशे वर्षांपूर्वी दीर्घ दुष्काळ पडला आणि गवत मेल्यावर इथली वाळू पुन्हा सरकू लागली, असं त्यातून दिसलं. म्हणजे सगळा डोलारा गवताच्या मुळांवर उभा.

सरकारला याचं काय! 1862 च्या कायद्याने कुटुंबामागे 160 एकर जमीन दिली. काळ्या मातीत ते पुरेसं होतं. इथे नांगराने गवत उलटलं की वारा तिथे खड्डाच कोरायचा. 1887 मध्ये काउंटीच्या सीमा आखल्या, राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांचं नावही दिलं, पण स्वतंत्र कारभार सुरू व्हायला 1913 उजाडलं. मधल्या काळात, 1904 मध्ये, किंकेड कायद्याने 640 एकर देऊ केले तेव्हा कुठे वस्ती वाढली. तेही अनेकांना पुरले नाहीत. त्यांनी जमिनी गुरं पाळणाऱ्यांना विकल्या आणि वाट धरली.

मला सगळ्यात आवडते ती त्या वसाहतकऱ्यांची घरबांधणी. लाकूड नाही, आणि रेताड मातीची ढेकळं हातात धरताच सुटतात. मग त्यांनी यंत्राने दाबलेले गवताचे आणि पेंढ्याचे गठ्ठे विटांसारखे रचून वर गिलावा केला. गठ्ठ्यात अडकलेली हवा थंडी आत येऊ देत नाही. आणि आग? गठ्ठा इतका घट्ट असतो, की आत ज्वाळेला पुरेशी हवाच मिळत नाही. खरा शत्रू ओल. म्हणून गिलावा जपायचा.

आर्थर गावात 1928 च्या सुमारास असंच एक चर्च बांधलं गेलं. राय धान्याच्या पेंढ्याच्या त्या जाडजूड भिंती अजून उभ्या आहेत.