कमी चाललेली पोलो जीटी म्हणजे चांगली पोलो जीटी?

'तीस हजार किलोमीटरच्या आतलीच बघ,' हा सल्ला सेकंडहँड फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय शोधणाऱ्याला हमखास मिळतो. या गाडीपुरता तरी तो अर्धवट आहे. २०१३ साली आलेल्या जीटीत १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस ताकद आणि सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लच असलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. त्याचे दोन्ही क्लच कोरडे, तेलात बुडालेले नाहीत. कोंडीत गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते तेव्हा ते घसरतात, तापतात, झिजतात. ओडोमीटर मात्र जेमतेम हलतो. म्हणजे हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज रांगलेली तीस हजारांची गाडी एक्स्प्रेसवेवर पळालेल्या सत्तर हजारांच्या गाडीपेक्षा जास्त थकलेली असू शकते.

त्यामुळे चक्कर मारताना पळवू नका, गर्दीत न्या. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना थरथर जाणवली तर क्लचचा खर्च किमतीतून वळता करून घ्या, नाहीतर सरळ निघा. टायरवरचा चार आकडी कोडही वाचा: २३१७ म्हणजे टायर बनला २०१७च्या तेविसाव्या आठवड्यात. २०१५ची गाडी, 'फक्त वीस हजार चाललीय', आणि टायर २०१७चे? इतक्या कमी अंतरात टायर का बदलले, मालकाला विचाराच. २०२०पासूनच्या १.० टीएसआय ऑटोमॅटिकला डीएसजी नाही, टॉर्क कन्व्हर्टर आहे, म्हणजे कोरड्या क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारी जोडणी. रोजच्या ऑफिसला मला तीच बरी वाटते.