जत्रेच्या दिवशी नदीवर वाट कोणाची? उचलत्या पुलांची गोष्ट, तापीकाठावरून

‘उत्सवाच्या मिरवणुकीसाठी शनिवारी काही तास पूल बोटींना बंद राहील.’ अमेरिकेत नदीकाठच्या शहरांमधून अशा सूचना दरवर्षी निघतात. खान्देशात ही ओळ वाचली की उलटंच काहीतरी वाचल्यासारखं होतं. आपल्याकडे पूल बंद होतो तो माणसांना. पांझरेला नाहीतर बोरीला पूर आला, फरशीवरून पाणी वाहू लागलं की दोन्ही टोकांना बॅरिकेड लागतात, एसटी लांबून फिरून जाते आणि काठावर बघ्यांची गर्दी होते. नदीला त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. बोटींसाठी पूल उचलतात तिथे मात्र तो काही तास न उचलायचा म्हटलं तरी आधी अर्ज करावा लागतो. हा अर्ज का करावा लागतो, ते समजायला बरंच मागे जावं लागतं.

जिथे बारमाही जहाजं चालतात तिथे नदी हाच जुना रस्ता. पूल मागाहून आला आणि त्या रस्त्याच्या आडवा आला, म्हणून वाट मोकळी करून देण्याची जबाबदारी पुलाची, असा तिकडचा सर्वसाधारण न्याय. लंडनचा टॉवर ब्रिज १८९४ साली खुला झाला. उंच डोलकाठीच्या बोटीने निदान २४ तास आधी कळवलं की आजही तो पूल तिच्यासाठी उचलतात, आणि त्याचे पैसे घेत नाहीत. १९९७ च्या मे महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन लंडनमध्ये होते. त्यांच्या गाड्यांचा ताफा तिथून जात असतानाच ‘ग्लॅडिस’ नावाच्या शिडाच्या बार्जसाठी, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटीसाठी, पूल ठरल्या वेळी उचलला गेला. ताफ्याचे दोन तुकडे झाले, निम्म्या गाड्या पुढे आणि निम्म्या मागे. बार्ज आपल्या वेळेवर आली होती, ताफा आला नव्हता. आपल्याकडे एखाद्या मंत्र्याच्या दौऱ्यात असं घडलं असतं तर संध्याकाळपर्यंत कोणाची बदली झाली असती, हे सांगायला नको.

हा न्याय पहिल्यांदा जोरात अडखळला तो शिकागोत. शिकागो नदी आणि तिचे फाटे ऐन शहरातून जातात. एकोणिसाव्या शतकात तिथे लाकूड आणि धान्याची जहाजं सारखी ये-जा करत असत. प्रत्येक जहाजाला पूल उघडायचा, म्हणजे सकाळी कामावर निघालेले हजारो लोक काठावर ताटकळणार. शेवटी शहराने नियम केला की रविवार सोडून रोज सकाळी ६ ते ७ आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा पूल उघडायचा नाही, आणि एरवी उघडला तरी एका वेळी १० मिनिटांपेक्षा जास्त उघडा ठेवायचा नाही. एस्कानाबा नावाची जहाज कंपनी याविरुद्ध कोर्टात गेली. नदी सगळ्या देशाची आहे, शहराने तिला कुलूप लावू नये, असं तिचं म्हणणं. १८८३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल शहराच्या बाजूने दिला. न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांनी लिहिलेल्या त्या निकालाचा आशय असा की नदीवर शेवटचा अधिकार देशाच्या संसदेचा आहे हे खरं, पण संसद त्यात हात घालत नाही तोवर स्थानिक लोकांच्या सोयीसाठी राज्य आणि शहर असे माफक निर्बंध घालू शकतात.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा गाभा इथे आहे. बोटीचा हक्क कोर्टाने काढून घेतला नाही, त्याला घड्याळ लावलं. उत्सवासाठी पूल बंद ठेवण्याची पुढची सगळी पद्धत या घड्याळावरच चालते. कोणत्या तासाला कोण थांबणार ते आधी लिहून ठेवायचं, आणि ती वेळ संपली की जुना हक्क पुन्हा लागू.

संसदेने हात घालायला फार वेळ लावला नाही. १८९४ च्या कायद्याने असे पूल कधी उघडायचे याचे नियम करण्याचा अधिकार तिथल्या युद्धमंत्र्याकडे गेला. सैन्याचं अभियंता दल नद्यांचं काम बघत होतं, म्हणून युद्धमंत्री. १९६७ पासून हे काम तटरक्षक दलाकडे आहे. नियमांची भाषा रोखठोक आहे. बोटीने एक लांब आणि एक आखूड भोंगा द्यायचा. पुलावरच्या केबिनमधला माणूस पूल उघडणार असेल तर तसाच भोंगा परत देतो. उघडता येणार नसेल तर पाच आखूड भोंगे लागोपाठ वाजवतो, म्हणजे ‘थांबा’. उघडायचं ठरलं की आधी रस्त्यावरचे दिवे लाल, मग फाटकं खाली, पुलावर शेवटचा सायकलवाला उरलेला नाही याची खात्री, मग कड्या सुटतात आणि शेकडो टनांचं पातं, म्हणजे पुलाचा उचलला जाणारा भाग, वर जायला लागतं. भुसावळकडच्या माणसाला यातला फाटकापर्यंतचा भाग समजवावा लागत नाही.

उत्सवाची सवलत या नियमांमध्येच आहे. मॅरेथॉन, आतषबाजी, मिरवणूक अशा कारणांसाठी पुलाचा मालक, म्हणजे बहुधा शहर, जिल्हा किंवा राज्य, तटरक्षक दलाकडे ठरलेल्या वेळापत्रकातून तात्पुरती सूट मागतो. अशी सूट १८० दिवसांपलीकडे जात नाही, उत्सवाला तर काही तासच पुरतात. सूचनेत तारीख आणि तास असतातच. शिवाय पूल खाली असताना ज्या बोटी सहज पार होतात त्यांनी खुशाल जावं, आणीबाणीत पूल उघडता येईल की नाही, बोटींना दुसरी वाट आहे की नाही, एवढंही त्यात सांगितलेलं असतं. नाविकांसाठीच्या नेहमीच्या सूचनापत्रात ती छापून येते. ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहराचा गुलाबांचा उत्सव १९०७ पासूनचा. त्यातली फुलांच्या रथांची मोठी मिरवणूक अनेक वर्षं विलामेट नदीवरच्या बर्नसाइड पुलावरून गेली, आणि हा पूल १९२६ साली बांधलेला, दोन पात्यांचा, उचलता. गंमत म्हणजे याच उत्सवाला नौदलाची जहाजंही नदीतून वर येऊन शहरात मुक्काम करतात. एकाच उत्सवाला पूल उघडाही हवा आणि बंदही हवा. तास वाटून घेतल्याशिवाय हे जमणार कसं?

आपल्या देशातही हा पेच जुना आहे. हुगळीवर १८७४ साली ब्रॅडफर्ड लेस्ली यांनी तराफ्यांवर तरंगणारा हावडा पूल बांधला. मोठं जहाज आलं की मधला २०० फुटांचा भाग सोडवून बाजूला घ्यायचा. तेवढा वेळ इकडची कोलकात्याची आणि तिकडची हावड्याची माणसं, बैलगाड्या, सगळं जागच्या जागी. लोकांचा त्रास कमी व्हावा म्हणून १९०६ पासून समुद्री जहाजं सोडून बाकीच्यांसाठी पूल रात्री उघडू लागले. शिकागोने जे कोर्टात जिंकलं तेच इथे वेळ बदलून साधलं. १९४३ मध्ये आजचा उंच पूल आला आणि खालून जाणाऱ्या बोटींचा प्रश्न मिटला.

खान्देशातल्या यात्रेकरूंनी पाहिलेला उचलता पूल म्हणजे रामेश्वरच्या वाटेवरचा पांबनचा. १९१४ साली रेल्वेसाठी खुला झालेल्या त्या पुलाची दोन पाती कामगार हातांनी यंत्र फिरवून वर उचलत. १९६४ च्या डिसेंबरातल्या चक्रीवादळात पुलाची वाताहत झाली. रेल्वेचे अभियंते ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली तो ४६ दिवसांत पुन्हा उभा राहिला. पांबनला पायंडा लंडनच्या उलट आहे. आधी गाडी, मग बोट. गाड्यांच्या वेळा सांभाळून पूल उघडायचा आणि तोवर बोटींनी खोळंबायचं. नव्या पुलाचा मधला ७२.५ मीटरचा भाग सरळ वर उचलला जातो. त्याचं उद्घाटन ६ एप्रिल २०२५ रोजी झालं, आणि त्या दिवशी रामनवमी होती. रेल्वे वरून आणि तटरक्षक दलाचं जहाज खालून, असा दोघांचा मान त्या दिवशी राखला गेला.

मग तापीवर असा पूल का झाला नाही? कारण खालून जाणारी मोठी बोटच नव्हती. मुलताईपासून खंभातच्या आखातापर्यंत ७२४ किलोमीटर वाहणाऱ्या या नदीत भरतीच्या जोरावर जहाजं आली ती सुरतेकडे. वर खान्देशात खडकाळ पात्र, उंच दरडी, पावसाळ्यात अंगावर येणारं पाणी आणि उन्हाळ्यात डोह तेवढे शिल्लक. इथे होडी चालायची ती आडवी, या काठावरून त्या काठावर. मुंबई इलाख्यात १८६८ साली अशा होड्यांसाठी कायदा झाला, सरकारी नावघाट मक्त्याने जाऊ लागले आणि उतराईचे दर ठरू लागले. पुढे आग्रा रोडला सावळद्याजवळ, दोंडाईचा–शहादा रस्त्याला सारंगखेड्याला पूल झाले आणि नावाड्याचं गिऱ्हाईक पुलावरून जाऊ लागलं. आपल्याकडे पूल आणि होडी यांची एकाच दिवशी गाठच पडली नाही. पूल आला, होडी गेली.

यात्राही नदीचा अंदाज घेऊनच बसलेल्या दिसतात. सारंगखेड्याची एकमुखी दत्ताची यात्रा आणि तिच्यातला घोडेबाजार दत्तजयंतीला, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेला, पूर ओसरल्यावर. तापी-पूर्णेच्या संगमावरची चांगदेव-मुक्ताईची यात्रा महाशिवरात्रीला. अमळनेरच्या सखाराम महाराजांची यात्रा तर वैशाखात, बोरी नदीच्या पात्रातच भरते. वाळूत दुकानं, वाळूत पाळणे, पात्रातच समाधी. तिथे नदी हेच जत्रेचं मैदान, मग पूल कोणाला बंद करायचा? पावसाळ्यातले सण मात्र वेगळे. नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशची कानबाई देवी बसते, सोमवारी तिला नदीवर न्यायचं असतं आणि श्रावणातली नदी कोणाचं ऐकेल याची खात्री नसते. गणपतीचंही तेच.

रस्त्यावर मिरवणुकीचा हक्क खान्देशात कोणी फारसा नाकारत नाही. जळगावचा रामरथ १८७२ पासून कार्तिकी एकादशीला निघतो. एवढ्या जड रथाला ना स्टिअरिंग ना ब्रेक. वळवायला आणि थांबवायला चाकाखाली लाकडी मोगरी सरकवतात, ती सरकवणारे हात पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेले असतात, आणि तो जाईपर्यंत रस्ता त्याचाच. हल्ली अशा दिवशी मोटार वाहन कायद्याच्या (१९८८) कलम ११५ खाली वाहतूक वळवण्याचे आदेश निघतात, अवजड वाहनांना पर्यायी मार्ग, अमुक ते अमुक वेळ. रचना पाहिली तर तिकडच्या बोटींच्या सूचनेची ही सख्खी बहीण शोभेल.

बदल झालाय तो पाण्यात. भुसावळजवळचं ४१ दरवाज्यांचं हतनूर धरण १९८० च्या दशकात उभं राहिलं आणि चांगदेवच्या संगमावर बॅकवॉटर पसरलं. खाली सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा इथे बॅरेज झाले. पूर्वी जिथे हिवाळ्यातच धार रोडावायची तिथे आता ऐन यात्रेत पाणी तुंबलेलं असतं आणि त्यावर होड्या असतात. दर्शनाला आलेली माणसं होडीत बसतात, लेकरांनाही बसवतात. म्हणजे पूर्वी कधी समोरासमोर न आलेले दोघे, यात्रा आणि होडी, आता एकाच दिवशी एकाच घाटावर येतात. शिवाय २०१६ च्या कायद्याने देशातले १११ जलमार्ग राष्ट्रीय ठरले, त्यात तापीही आहे, क्रमांक १००. कागदावर का होईना, आपली नदी आता वाहतुकीचा मार्ग आहे.

मला या सगळ्यात शिकागोचंच घड्याळ उपयोगी वाटतं. यात्रेच्या दिवशी होड्या सरसकट बंद करणं सोपं असतं, पण वर्षभर त्याच घाटावर पोट भरणाऱ्या भोई-कोळ्यांचा तो कमाईचा दिवस असतो. स्नानाच्या गर्दीचे तास होड्या थांबवाव्यात, बाकीच्या वेळी किती माणसं बसवायची त्याचा आकडा होडीवर रंगवावा आणि लाइफ जॅकेटशिवाय कोणाला चढू देऊ नये, असा आदेश चार दिवस आधी गावोगाव लागला तर भांडण होणार नाही. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्यात बिनइंजिनाच्या होड्यांचीही नोंद धरली आहे, आणि त्या कामातला काही भाग राज्य सरकार स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवू शकतं. तसं झालं तर घाटावरच्या होड्यांची वही यात्रा भरवणाऱ्या गावातच राहील.