उजेड म्हणजे उंची नव्हे

सीएनसी राऊटर, म्हणजे संगणकाच्या हुकमावर लाकूड कोरणारं यंत्र, हाती आलं की पहिला मोह होतो तो गणपतीचा किंवा आजोबांचा फोटो सॉफ्टवेअरमध्ये टाकून सागवानावर कोरण्याचा. निघतं ते बहुधा विद्रूप: काळ्या भुवयांचे खड्डे होतात आणि नाकावरच्या चकाकीचं शिंग उभं राहतं. दोष मशीनचा नाही. सॉफ्टवेअर चित्राला उंचीचा नकाशा समजतं. पांढरं सर्वांत वर, काळं तळाला. फोटोतला उजेड प्रकाश कुठून आला ते सांगतो. नाक किती वर आहे हे त्याला ठाऊकच नसतं.

म्हणून नवख्याने फोटो बाजूला ठेवून रेषेपासून सुरुवात करावी. आपल्याकडे कारखान्यांत अजून ज्याचं नाव निघतं ते नक्षी आखण्याचं सॉफ्टवेअर आर्टकॅम, ऑटोडेस्क कंपनीने २०१८ साली बंद केलं. त्याचाच पुढचा अवतार म्हणजे कार्व्हेको. व्हेक्ट्रिक अस्पायर या सॉफ्टवेअरची रीतही तशीच. पानाची बंद बाह्यरेषा काढायची, घुमटाकार फुगवटा निवडायचा, उंची ४ मिमी द्यायची. पान वेलीवर आलं की नवखे अडतात. 'बेरीज' निवडली तर दोन्ही उंची एकावर एक चढून तिथे टेंगूळ येतं. 'मर्ज' निवडलं तर त्या जागी जे उंच तेवढंच उरतं. वेलबुट्टीला बहुतेकदा मर्जच हवं.

फुकटात करायचं तर ब्लेंडर हे त्रिमितीय सॉफ्टवेअर आहे, पण शिकायला वेळ घेतो. त्यात उंचीचा नकाशा वापरणार असाल तर तो १६-बिट घ्या. ८-बिटमध्ये उंचीच्या २५६च पायऱ्या असतात. १० मिमी खोलीत एक पायरी ०.०४ मिमीची. मंद उतारावर, पॉलिश केल्यावर, या पायऱ्या तिरप्या उजेडात दिसतात. जेपीजी तर नकोच, चित्र दाबताना त्यात पडलेल्या चौकटीही लाकडावर उमटतात.

आता कापणी. आधी ६ मिमीच्या सपाट बिटने (बिट म्हणजे इथे कापायचं फिरतं पातं) ०.५ मिमी लाकूड राखून रफिंग, म्हणजे भरड कापणी, मग ३ मिमीच्या बॉल नोजने, म्हणजे गोल टोकाच्या बिटने, फिनिशिंग. हा गोल बिट ३ मिमीपेक्षा अरुंद खाचेत तळापर्यंत जात नाही, मग स्क्रीनवर कितीही बारीक शिरा काढा. दोन फेऱ्यांमधलं अंतर, म्हणजे स्टेपओव्हर, ०.६ मिमी ठेवलं तर मधे ०.०३ मिमीचे कंगोरे राहतात, ०.३ केलं तर ते चौथाईवर येतात. वेळ मात्र दुप्पट. २०० बाय ३०० मिमीच्या फळीवर ०.३ने बिट २०० मीटर धावतो, मिनिटाला १५०० मिमी वेगाने सव्वादोन तास. लहान मशीन वळणांवर मंदावतं, त्यामुळे प्रत्यक्षात आणखी जास्त.

सर्वांत जास्त फळ्या वाया जातात त्या बिट बदलताना. फळीच्या वरच्या पृष्ठावर झेडचं शून्य, म्हणजे खोली जिथून मोजायची ती पातळी, धरलं होतं, रफिंगने तेच पृष्ठ कापून टाकलं. मग दुसऱ्या बिटचं शून्य कुठे लावणार? अंदाजाने लावलं की नक्षी एक-दोन मिलिमीटर खोल जाते. शून्य मशीनच्या पाटावर धरा, नाहीतर फळीचा एक कोपरा न कापता राखून ठेवा.