काळ्या पलटणीची बखर : एका लष्करी कादंबरीमालेची पार्श्वभूमी

ग्लेन कुक यांची 'द ब्लॅक कंपनी' ही पैसे घेऊन लढणाऱ्या एका पलटणीची कादंबरी १९८४ साली अमेरिकेत पेपरबॅक रूपात प्रसिद्ध झाली. तिचा दुसरा भाग त्याच वर्षी आणि तिसरा १९८५ मध्ये आला. २००० सालापर्यंत या मालिकेची दहा पुस्तके झाली होती. उडते गालिचे, मरणालाही न जुमानणारे मांत्रिक, शतकानुशतके पुरलेली असूनही पुन्हा उठून साम्राज्य उभे करणारी सम्राज्ञी असा अद्भुताचा सगळा सरंजाम या पुस्तकांत आहे. तरीही मालिकेवर जीव जडलेला वाचक या गोष्टींविषयी क्वचितच बोलतो. तो बोलतो ते मुक्कामावर रंगणाऱ्या पत्त्यांच्या डावाविषयी, वन-आय आणि गॉब्लिन या दोन म्हाताऱ्या जादूगारांच्या कधीच न मिटणाऱ्या भांडणाविषयी आणि जखमा शिवून झाल्यावर पलटणीची हकीकत लिहायला बसणाऱ्या क्रोकर नावाच्या वैद्याविषयी. मीही त्याच वाचकांपैकी एक आहे. या ओढीचे मूळ शोधायचे, तर कुक यांच्याही मागे जाऊन युद्ध जवळून पाहिलेल्या लेखकांपासून सुरुवात करावी लागते.

जे. आर. आर. टॉल्किन १९१६ साली सोमच्या लढाईत संदेशवहन अधिकारी होते आणि खंदकज्वराने आजारी पडून इंग्लंडला परतले. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या आपल्या महाकथेतला सॅम हा त्या युद्धात भेटलेल्या साध्या इंग्रज शिपायांचे आणि अधिकाऱ्यांच्या दिमतीला असणाऱ्या जवानांचे प्रतिबिंब आहे, असे त्यांनी पुढे सांगितले होते. म्हणजे आधुनिक अद्भुतकथेत शिपाई पहिल्यापासून होता. मात्र कथा राजाच्या पुनरागमनाची होती आणि शिपायाचे मोल त्याच्या निष्ठेवरून ठरत होते. कुक यांच्या पुस्तकाच्याच वर्षी इंग्लंडमध्ये डेव्हिड गेमेल यांची 'लेजंड' आली. आपल्याला कर्करोग झाला असावा, या शंकेच्या छायेत १९७६ मध्ये त्यांनी तिचा पहिला खर्डा लिहिला होता आणि त्यातला वेढा पडलेला किल्ला त्या आजाराशी जोडूनच वाचला जातो. तिथे शेतकरीही लढतात, पण लढाईचे उदात्तपण कायम राहते. कुक यांनी नेमके तेच काढून टाकले.

१९४४ साली जन्मलेले कुक तरुणपणी अमेरिकी नौदलात होते. त्या काळात ते मरीन दलाच्या एका टेहळणी बटालियनबरोबर राहिले आणि ती व्हिएतनामला रवाना होण्याच्या थोडे आधी सेवेतून बाहेर पडले. पुढे अनेक वर्षे त्यांनी सेंट लुइस येथे जनरल मोटर्सच्या कारखान्यात नोकरी केली. तिथल्या कामात डोके फारसे गुंतत नसल्याने त्यांचे बरेचसे लेखन कामावर असतानाच झाले. त्यांचे सैनिक ज्या भाषेत बोलतात ती या दोन्ही ठिकाणची आहे : तुटक, तिरकस, वरिष्ठांवर विश्वास नसलेली, पण शेजारी उभ्या असलेल्या माणसाला न सोडणारी. पुस्तक आले तेव्हा दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडून जेमतेम नऊ वर्षे झाली होती. आपण कोणाच्या बाजूने लढलो आणि ती बाजू बरोबर होती का, हा प्रश्न अमेरिकेतल्या पुष्कळ घरांत तेव्हा ताजा होता, आणि कादंबरीतली पलटण तर उघडउघड दुष्ट सत्तेच्या चाकरीत आहे. माजी सैनिकांमध्ये हे पुस्तक विशेष प्रिय झाले ते त्यामुळेच.

पैसे घेऊन लढणाऱ्या स्वतंत्र पलटणी ही काही कुक यांची कल्पना नव्हे. १३६० साली ब्रेतिन्यीच्या तहाने इंग्लंड आणि फ्रान्समधले युद्ध काही काळ थांबले, तेव्हा बेकार झालेल्या शिपायांनी आपापल्या टोळ्या बांधल्या. त्यांपैकी 'व्हाइट कंपनी' इटलीत उतरली आणि जॉन हॉकवुड तिचा नायक झाला. रीतसर करार करून एका शहराची चाकरी पत्करायची आणि मुदत संपली की दुसऱ्याची, असा तो व्यवहार होता. हॉकवुड १३९४ साली फ्लॉरेन्समध्ये वारला आणि ज्या शहराला त्याने कधीकाळी लुबाडले होते, त्याच शहराने पुढे आपल्या मुख्य चर्चच्या भिंतीवर त्याचे अश्वारूढ चित्र काढून घेतले. त्याच्याही आधीची कातालान कंपनी मला अधिक महत्त्वाची वाटते. १३०३ साली बायझंटाइन सम्राटाच्या चाकरीत गेलेल्या या कंपनीचा सेनापती रोजेर दे फ्लोर १३०५ मध्ये दग्याने मारला गेला; तरी कंपनी मोडली नाही आणि १३११ साली तिने अथेन्सची जहागीर जिंकली. तिचा हिशेब सांभाळणारा रामोन मुंतानेर याने साठीच्या सुमारास, १३२५ पासून, आपला वृत्तान्त लिहिला. लढणारा, जमाखर्च ठेवणारा आणि लिहिणारा माणूस एकच होता. कुक यांनी मुंतानेर वाचला होता असा माझा दावा नाही, पण क्रोकरची जात हीच आहे.

मराठी वाचक या जागी थोडा वेगळ्या वाटेने पोचतो. पगारासाठी लढणारा, पण दिलेला शब्द न मोडणारा इब्राहिमखान गारदी आपण शाळेपासून ऐकलेला असतो आणि लढाईची हकीकत म्हटली की आपल्याला बखर आठवते. मात्र बखरकार बहुधा कोणाच्या तरी आज्ञेने लिहितो. कृष्णाजी अनंत सभासदाने शिवरायांची बखर राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला लिहिली. क्रोकरला असा कोणी यजमान नाही. चारशेहून अधिक वर्षांची ही दप्तरे पलटणीने पलटणीसाठीच ठेवलेली आहेत, त्यांचे सुरुवातीचे खंड हरवलेले आहेत, आणि धीर खचू लागला की क्रोकर जुन्या खंडांतला एखादा प्रसंग जवानांना वाचून दाखवतो. पहिल्याच भागात तो कबूल करतो की आपल्या सोबत्यांची सगळी पापे त्याने लिहिलेली नाहीत, कारण घरच्या माणसांविषयी वाईट बोलू नये असे त्याला लहानपणी शिकवले गेले आहे. ही एक कबुली सगळा मजकूर संशयित करून टाकते. पहिल्या वाचनात ती सहज नजरेआड होते. पुन्हा वाचताना मात्र गाव जाळल्यानंतरच्या प्रत्येक कोरड्या, तोकड्या परिच्छेदापाशी आपण थांबतो आणि इथे काय गाळले असेल, याचा अंदाज घेऊ लागतो. मालिका वर्षानुवर्षे पुन्हा वाचली जाते, ती माझ्या मते या गाळलेल्या मजकुरासाठी. पुढे पलटणीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच माणसे उरतात, लेखणी क्रोकरकडून लेडीकडे (म्हणजे त्या सम्राज्ञीकडे), मग पलटणीतल्याच मर्गनकडे, स्लीपीकडे जाते, प्रत्येकाचा डोळा आणि खोड वेगळी असते, आणि पलटणीची म्हणता येईल अशी एकच अखंड गोष्ट शिल्लक राहते : ते दप्तर.

१९८९ पासूनच्या भागांत पलटण दक्षिणेकडे वळते आणि टॅग्लिओस नावाच्या मुलखात पोचते. तिथे किना नावाची संहारदेवता आहे, रुमालाने गळा आवळणारे तिचे गुप्त भक्त आहेत आणि त्यांच्या म्होरक्याचे नाव नारायण सिंग आहे. भारतीय वाचकाला हा मुलूख ओळखायला नकाशा लागत नाही. हे चित्र इंग्रज अधिकारी स्लीमनने १८३० च्या दशकात जबलपूरहून चालवलेल्या ठगांविरुद्धच्या मोहिमेतून आणि १८३९ साली इंग्लंडात गाजलेल्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या कादंबरीतून जगभर पसरले. तिचा लेखक मेडोज टेलर निजामाच्या चाकरीत होता आणि पुढे त्याने नळदुर्गच्या मुलखाचा कारभार पाहिला. ठग म्हणजे कालीच्या उपासनेतून उपजलेला एक देशव्यापी पंथ, या समजुतीवर अलीकडच्या इतिहासकारांनी गंभीर शंका घेतल्या आहेत. कुक मात्र ती जुनी वसाहती प्रतिमा जवळजवळ जशीच्या तशी उचलतात. मालिकेवरचे प्रेम कायम ठेवूनही हे भाग मी थोडे अंतर राखून वाचतो. नारायण सिंग हे पात्र मात्र मोठ्या ताकदीने उभे केले आहे, हे नाकारता येत नाही.

कुक यांचा वारसा सर्वांत ठळकपणे पुढे नेला तो कॅनडाच्या दोन पुरातत्त्वज्ञांनी. स्टीव्हन एरिक्सन आणि इयान एसलमाँट यांनी १९८० च्या दशकात आपसांत खेळण्याच्या भूमिकाखेळासाठी (रोल-प्लेइंग गेमसाठी) एक जग रचले आणि त्यातून 'मलाझन' मालिका निघाली. एरिक्सन यांचे दहा खंड १९९९ ते २०११ या काळात आले. कुक वाचणे म्हणजे नशेच्या अमलाखाली व्हिएतनाम युद्धावरची कादंबरी वाचण्यासारखे आहे, अशा अर्थाचे उद्गार एरिक्सन यांनीच काढले आहेत. फिडलर, हेज अशी टोपणनावे धारण करणारे त्यांचे सैनिक सरळ क्रोकरच्या सोबत्यांच्या कुळातले आहेत. दुसऱ्या खंडात सेनापती कोल्टेन हजारो निर्वासितांना घेऊन शत्रूच्या मुलखातून माघार घेतो, आणि डायकर नावाचा वृद्ध इतिहासकार ती वाटचाल टिपत जातो. पाणी संपत जाते, सरदारांना आपल्या सामानाची चिंता असते, आणि शेवटी आरेन शहराच्या तटावरून आपलेच सैन्य कोल्टेनचा शेवट नुसते पाहत राहते. लढणाऱ्यांच्या पाठीशी न लढणाऱ्यांचा एवढा मोठा जमाव असला की काय होते, हे पानिपतामुळे माहीत असलेल्या वाचकाला हा भाग निराळ्याच जागी लागतो.

कुक यांनी अठरा वर्षांच्या खंडानंतर २०१८ मध्ये 'पोर्ट ऑफ शॅडोज' ही या मालिकेतली कादंबरी प्रसिद्ध केली. तिचा काळ पहिल्या आणि दुसऱ्या भागांच्या मधला आहे, त्यामुळे नवा वाचक ती दुसऱ्या क्रमांकावर वाचण्याचा घाट घालतो. तसे करू नये. तिच्यातला क्रोकर आधीच्या पुस्तकांशी पुरता जुळत नाही, आणि त्याची बोचणी लागण्यासाठी आधी त्याची बाकीची दप्तरे वाचून झालेली असावी लागतात.