सोन्यातलं तांबं म्हणजे भेसळ नव्हे

लग्नसराई आली की गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, एक वाक्य हमखास कानावर पडतं: "बावीस कॅरेट म्हणजे दोन कॅरेट सोनाराच्या खिशात." हा समज खोडून काढायलाच हवा. सोन्यात तांबं-चांदी मिसळणं ही लबाडी नाही. किती मिसळलं ते लपवणं ही लबाडी. 22 कॅरेटच्या 10 ग्रॅम दागिन्यात सुमारे 9.16 ग्रॅम सोनं असतं, बाकी चांदी, तांबं, कधी थोडं जस्त. हॉलमार्कमधला 916 हा आकडा तेच सांगतो.

दसऱ्याला घेतलेली चोख सोन्याची वेढणी बोटांनी दाबून बघा, सहज वाकते. तशाच सोन्याच्या पाटल्या केल्या तर रोजच्या वापरात चेपणारच. हा मऊपणा येतो कुठून?

सोन्याचे अणू थरावर थर रचून बसलेले असतात, प्रत्येकाला 12 शेजारी. धातू वाकतो तेव्हा हे थर एकमेकांवरून सरकतात. पण अख्खा थर एका दमात सरकवायला किती जोर लागेल याचा हिशेब केला, तर तो प्रत्यक्षातल्या जोराच्या हजारपटीहून जास्त निघतो! हे कोडं 1934 साली टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे सोडवलं. अणूंच्या रचनेत जागोजागी अर्धवट राहिलेले थर असतात. अशा थराच्या कडेला जी त्रुटी तयार होते ती डिसलोकेशन. मांडवातलं भलंमोठं जाजम ओढून हलत नाही, पण एका टोकाला सुरकुती पाडून ती ढकलत नेली की सरकतं. डिसलोकेशन म्हणजे अणूंच्या जाजमातली सुरकुती. चोख सोन्यात तिला अडवणारं फारसं काहीच नसतं.

इथे तांबं कामाला येतं. त्याचा अणू सोन्याच्या अणूपेक्षा सुमारे 11 टक्के लहान. तो सोन्याच्या जागी बसला की भोवतालची अणूंची जाळी आत ओढली जाते. डिसलोकेशनच्या एका बाजूला अणू दाटीवाटीने दाबलेले असतात, दुसऱ्या बाजूला ताणलेले. दाटीच्या बाजूला लहान अणू मिळाला की तिथला दाब हलका होतो आणि डिसलोकेशन तिथेच अडकतं. पुढे न्यायला जादा जोर लागतो. चांदीचा अणू आकाराने जवळजवळ सोन्याएवढाच, म्हणून नुसत्या चांदीने सोनं फारसं कडक होत नाही. तिचं मोठं काम रंगाचं: तांब्याने आलेली लाली ती कमी करते. विकर्स मापात चोख सोन्याची कठीणता 25च्या आसपास, तर चांदी-तांबं घातलेल्या 18 कॅरेट पिवळ्या सोन्याची 130 ते 150.

आपल्या कोल्हापुरी साजाच्या कारागिरांनी याच अडचणीवर आणखी एक तोड काढली. पातळ पत्र्याची पोकळ पानं घडवायची आणि आत लाख भरायची. पत्रा चेपू नये म्हणून आतून आधार, आणि वजनही कमी. मला ही युक्ती फार आवडते.

चोवीस कॅरेट अंगावर घातलं की सोन्याची 'ऊर्जा' शरीरात उतरते, असंही सांगितलं जातं. त्यात तथ्य नाही. सोनं घामात विरघळत नाही, हवेशीही त्याची अभिक्रिया होत नाही, म्हणून तर ते काळं पडत नाही.

खड्यांची अंगठी करायची असेल तर 18 कॅरेट बरं. खडा धरणारे बारीक आकडे त्यात घट्ट राहतात. आणि दागिना कितीही कॅरेटचा घ्या, त्यावरचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र हॉलमार्क क्रमांक, भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तपासूनच पैसे द्या.