हेल्मेटच्या अस्तराखालचा स्टिकर

गाड्यांच्या शर्यतीचं हेल्मेट हातात घ्या आणि आतलं मऊ अस्तर बोटानं थोडं बाजूला सारा. तिथं एक लहानसा स्टिकर दिसेल: स्नेल, एसए२०२०. शर्यतीच्या सकाळी स्क्रुटिनीच्या टेबलावर तपासनीस नेमका तोच शोधत असतो. नव्यानं शर्यतीत उतरणाऱ्या मुलांना वाटतं की स्नेल हे एखाद्या कंपनीचं किंवा प्रयोगशाळेचं नाव असावं. ते एका माणसाचं नाव आहे, आणि तो माणूस त्यांच्यासारखाच हौशी चालक होता.

विल्यम स्नेल, मित्रांमध्ये 'पीट'. अमेरिकेत स्पोर्ट्स कारच्या शर्यती खेळणारा, सगळ्यांना हवाहवासा वाटणारा गडी. १९५६ साली एका शर्यतीत त्याला अपघात झाला आणि डोक्याच्या जबर दुखापतीनं तो गेला. त्यानं हेल्मेट घातलं होतं. त्या काळी मिळणारं चांगल्यातलं चांगलं हेल्मेट होतं ते, तरी त्यानं त्याचं डोकं वाचवलं नाही. त्याच्या मित्रमंडळींत जॉर्ज स्नाइव्हली नावाचे डॉक्टर होते. पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, त्यांनी आणि इतर मित्रांनी पीटच्या नावानं एक संस्था काढली. बाजारातली हेल्मेटं खरोखर काय सोसतात हे आपटून, ठोकून पाहायचं आणि निकाल उघड करायचा, एवढंच तिचं काम. १९५९ मध्ये तिचं पहिलं मानक आलं. सरकार किंवा मोठी कंपनी पुढं येईल म्हणून ही माणसं थांबली नाहीत. आपला मित्र चांगलं हेल्मेट घालूनही मेला, म्हणजे 'चांगलं' या शब्दाचा अर्थच कुणी तपासलेला नाही, हे त्यांना उमगलं होतं.

डोकं झाकायची कल्पना त्याच्या बरीच आधीची. १९१४ च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्स ट्रॅकवरचे डॉक्टर एरिक गार्डनर डोकं फुटून येणारे मोटरसायकलस्वार बघून बघून अस्वस्थ झाले होते. त्यांनी एका कारागिराकडून कॅनव्हास आणि लाखेची टणक टोपी करवून घेतली. मोटरसायकल शर्यतींच्या संघटनेनं आधी नाकं मुरडली, पण शेवटी १९१४ च्या आइल ऑफ मॅनवरच्या शर्यतीत ती सक्तीची केली. एरवी दर वर्षी डोक्याला मार लागलेले रुग्ण यायचे, ते यंदा आलेच नाहीत, असं तिथल्या डॉक्टरांकडून गार्डनरना नंतर कळलं. 'हेल्मेटसक्ती' हा शब्द उच्चारताच पुण्यात जो वाद पेटतो, त्याचा पहिला अंक शंभर वर्षांपूर्वी तिथं होऊन गेला आहे.

दुसरी मोठी साक्ष रस्त्यावरून आली. मे १९३५ मध्ये 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून जगाला ठाऊक असलेला टी. ई. लॉरेन्स मोटरसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांत मेंदूचे शल्यविशारद ह्यू केर्न्स होते. तो मृत्यू त्यांच्या मनातून गेला नाही. १९४१ मध्ये त्यांनी आकडे मांडले: महायुद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटरसायकलस्वार आणि मागे बसणारे रस्त्यावर मेले. आणि हेल्मेट घातलेल्यांची जी मोजकी ७ प्रकरणं त्यांच्या पाहण्यात आली, ते सातही जण वाचले होते. सात ही संख्या लहान आहे, हे त्यांनाही कळत होतं. पण त्याच वर्षी ब्रिटिश लष्करानं आपल्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं.

गाड्यांच्या शर्यतींत मात्र कापडी किंवा चामडी टोपी आणि गॉगल हाच थाट बराच काळ टिकला. फॉर्म्युला वनमध्ये हेल्मेट सक्तीचं झालं ते १९५२ साली. तीही टणक कवचाची टोपीच होती, आतून कातडी पट्ट्यांवर टेकलेली. दगड लागला तर उपयोग, पण गाडी भिंतीवर आदळली तर डोक्याचा वेग कमी करायला आत काहीच नाही. पीट स्नेलच्या काळात हेच चालू होतं.

इथं थोडं थांबून कवच आणि अस्तर यांच्या कामांतला फरक समजून घ्यायला हवा, कारण खरेदीच्या वेळी सगळी चूक इथंच होते. बाहेरचं टणक कवच आघात मोठ्या भागावर पसरवतं आणि अणकुचीदार वस्तू आत घुसू देत नाही. मेंदूला वाचवतो तो आतला थर्माकोलसारखा थर. आघाताच्या क्षणी तो चेपत जातो, आणि चेपायला लागणाऱ्या त्या काही मिलिसेकंदांत डोकं थांबतं. अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाशी संबंधित संशोधक सी. एफ. लोम्बार्ड आणि त्यांचे सहकारी यांना अशा आघात गिळणाऱ्या थराचं पेटंट १९५३ मध्ये मिळालं. लॉस एंजेलिसजवळ गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान चालवणाऱ्या रॉय रिक्टरनं १९५४ मध्ये 'बेल ५००' हे हेल्मेट आणलं. त्याच कंपनीचं पूर्ण चेहरा झाकणारं 'बेल स्टार' घालून अमेरिकन चालक डॅन गर्नी १९६८ मध्ये इंडियानापोलिसच्या शर्यतीत आणि मग जर्मन ग्रांप्रीत उतरला. गर्नी चांगला उंच, त्याचं डोकं गाडीबाहेर वाऱ्यात राहायचं. दगडधोंड्यांपासून तोंड वाचवायला त्यानं ते घातलं आणि थोड्याच वर्षांत सगळ्यांनी त्याचं अनुकरण केलं.

चेपलेला थर्माकोल परत फुगत नाही. म्हणून एकदा जोराचा आघात सोसलेलं हेल्मेट वरून कितीही चकचकीत दिसलं तरी त्याचं काम संपलेलं असतं.

आता आगीकडे वळू. हा भाग वाचायला जड आहे, पण तो सोडून पुढं जाता येत नाही. २४ मे १९६४ रोजी शार्लट इथल्या शर्यतीत 'फायरबॉल' रॉबर्ट्स हा त्या काळचा लोकप्रिय चालक जळत्या गाडीत अडकला. (हे टोपणनाव त्याला बेसबॉलमधल्या वेगवान चेंडूफेकीमुळं पडलं होतं, आगीशी त्याचा संबंध नव्हता.) त्या काळी चालक साधे सुती कपडे बोरॅक्सच्या पाण्यात बुडवून वाळवायचे, आग कमी लागावी म्हणून. रॉबर्ट्सला त्या रसायनाचा त्रास व्हायचा, म्हणून त्यानं तसे कपडे घातले नव्हते. जवळजवळ सहा आठवडे झुंजून तो २ जुलैला गेला. मध्येच, ३० मेला, इंडियानापोलिसच्या शर्यतीत एडी सॅक्स आणि डेव्ह मॅकडोनल्ड हे दोघे पेट्रोलच्या भडक्यात मेले. एका आठवड्याच्या आत अमेरिकेतल्या दोन मोठ्या शर्यतींत आगीचे हे दोन प्रसंग घडले.

ड्यूपाँट कंपनीत तयार झालेला नोमेक्स धागा याच काळातला. तो पेटत नाही, वितळत नाही, तापला की जाडसर होऊन कोळशासारखा होतो आणि कातडीपर्यंत उष्णता पोचायला वेळ लावतो. शर्यतीचं साहित्य बनवणाऱ्या बिल सिम्प्सननं चालकांसाठी नोमेक्सचे सूट शिवले आणि त्यांच्यावर विश्वास बसावा म्हणून स्वतःच्या अंगावरचा सूट पेटवून दाखवला. १९६७ च्या इंडियानापोलिस शर्यतीत ३३ पैकी ३० चालकांच्या अंगावर त्याचे सूट होते.

आजच्या सूटवर एसएफआय या शर्यतीच्या साहित्याची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेचा ३.२ए/१ किंवा ३.२ए/५ असा शिक्का असतो, त्याचा अर्थ सेकंदांत आहे. कातडीला दुसऱ्या दर्जाची भाजणी व्हायला /१ च्या सूटमध्ये साधारण ३ सेकंद लागतात, /५ मध्ये १० आणि /२० मध्ये ४०. आता स्वतःला विचारा: पट्टे सोडून, स्टीअरिंग बाजूला करून, खिडकीची जाळी काढून तुम्ही गाडीबाहेर किती सेकंदांत पडता? मी तर म्हणेन, सूट घेण्याआधी बंद गाडीत, डोळे मिटून हा सराव करा आणि कुणालातरी घड्याळ धरायला लावा. ३ सेकंदांत कुणी बाहेर येत नाही. दोन थर एकापेक्षा बरे, कारण मधली हवाही उष्णता अडवते. त्याच कारणानं सूट अंगाला घट्ट चिकटणारा नको. आणि आत नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा बनियन अजिबात नको, तो वितळून कातडीला चिकटतो. नोमेक्सचा आतला जोड परवडत नसेल तर निदान साधा सुती.

१ ऑगस्ट १९७६ ला जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंग ट्रॅकवर फॉर्म्युला वन चालक निकी लाउडाची गाडी पेटली, तेव्हा हेल्मेट त्याच्या डोक्यावरून निघून गेलं आणि चेहरा उघडा पडला. त्याला बाहेर काढलं ते मर्झारिओ, एडवर्ड्स, लंगर आणि अर्टल या सहचालकांनी. म्हणून हेल्मेट घेताना आधी बघायचं ते माप, नाव नंतर. पट्टा बांधून ते मागून पुढं उचलायचा प्रयत्न करा, डोक्यावरून सरकलं तर मोठं आहे. डावी-उजवीकडे फिरवलं तर गालांची कातडी त्याच्याबरोबर फिरली पाहिजे.

आणि आता मान. डोकं झाकलं, अंगावर नोमेक्स आलं, खांद्यांवरून, कमरेवरून आणि मांड्यांमधून येणाऱ्या पट्ट्यांनी धड आसनाला जखडलं. धड जितकं पक्कं बसलं, तितका सगळा ताण मानेवर आला. गाडी भिंतीवर आदळली की धड थांबतं, पण डोकं आणि वर हेल्मेटचं वजन पुढं जातच राहतं. त्या ओढीनं कवटीच्या तळाचं हाड तुटतं आणि बहुधा माणूस जागीच जातो. आधीच्या सुधारणांनीच हा धोका उघडा पाडला होता.

१९८१ मध्ये मिड-ओहायो ट्रॅकवर फ्रेंच चालक पॅट्रिक जाकमार असाच गेला. त्याच्याबरोबर शर्यती खेळणाऱ्या जिम डाउनिंगनं ही गोष्ट आपल्या मेव्हण्याकडे काढली. मेव्हणे रॉबर्ट हबर्ड मिशिगन स्टेट विद्यापीठात शरीराच्या यांत्रिकीचे प्राध्यापक होते, आघातात माणसाच्या शरीराचं काय होतं हाच त्यांचा अभ्यास. दोघांनी मिळून खांद्यांवर बसणारी कॉलर बनवली. खांद्याचे पट्टे तिच्यावरून जातात आणि तिच्यापासून निघालेल्या दोन दोऱ्या हेल्मेटला अडकतात, म्हणजे डोकंही धडाबरोबर थांबतं. हाच हान्स. १९८६ पासून डाउनिंग स्वतः तो घालून शर्यती खेळू लागला. पण अवजड आहे, मान वळत नाही, अशा तक्रारी करत बाकीच्यांनी तो कित्येक वर्षं दूर ठेवला.

मग १९९४ चा इमोला आला, इटलीतली फॉर्म्युला वनची शर्यत. शनिवारी ३० एप्रिलला रोलंड रात्झेनबर्गर गेला, तोही कवटीच्या तळाचं हाड मोडून, आणि दुसऱ्या दिवशी आयर्टन सेना. मे २००० पासून अमेरिकेच्या नॅसकार शर्यतींत अ‍ॅडम पेटी, केनी अर्विन, टोनी रोपर गेले आणि १८ फेब्रुवारी २००१ ला, डेटोनाच्या शेवटच्या फेरीत, डेल अर्नहार्ट. नऊ महिन्यांत चार. अर्नहार्टसारखा दिग्गज गेल्यावर मात्र चक्रं फिरली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॅसकारनं डोकं-मान धरणारं साधन सक्तीचं केलं, २००३ पासून फॉर्म्युला वननं. डाउनिंग आणि हबर्ड वीस वर्षं हेच सांगत होते. ही वीस वर्षं मला फार बोचतात, कारण उपाय तयार होता.

आपल्याकडच्या हौशी चालकाचा यात नेमका कुठं संबंध येतो? भारतात या खेळाला स्वस्त वाट करून देणाऱ्यांत कोइम्बतूरचे एस. करिवर्धन यांचं नाव आधी घ्यावं लागतं. मारुती ८०० च्या इंजिनवर धावणारी त्यांची 'फॉर्म्युला मारुती' नसती तर कितीतरी तरुण ट्रॅकपर्यंत पोचलेच नसते. कोइम्बतूरच्या ट्रॅकला त्यांचंच नाव आहे. पुण्या-मुंबईहून मुलं तिथं किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाईला जातात. घराजवळ म्हणाल तर नाशिकच्या मातीतली रॅली, कुठं ऑटोक्रॉस, कधी अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवरची ड्रॅग शर्यत. यातला बराचसा खेळ घरच्याच गाडीवर चालतो आणि डोक्यावर असतं ते रोजचं दुचाकीचं हेल्मेट.

त्या हेल्मेटवरचा आयएसआय शिक्का खोटा नाही. ते दुचाकीवरून रस्त्यावर पडणाऱ्याचा विचार करून बनलेलं आहे. गाडीच्या आत प्रश्न वेगळा. तिथं रोल केजच्या, म्हणजे गाडी उलटली तर छत दबू नये म्हणून आत बसवलेल्या सांगाड्याच्या, लोखंडी नळीवर डोकं एकाच अपघातात पुनःपुन्हा आदळू शकतं आणि आग लागू शकते. स्नेलच्या दुचाकीच्या 'एम' मानकात या दोन्ही चाचण्या नाहीत, गाडीच्या 'एसए' मानकात आहेत. शिवाय एसए२०१५ पासूनच्या हेल्मेटांत हान्सच्या दोऱ्या अडकवायची जागा कारखान्यातूनच येते. बिनछताच्या कार्टसाठी वेगळं 'के' मानक आहे, कार्टिंगमधून गाडीत जाणाऱ्यांनी ते तसंच पुढं वापरू नये. दर पाच वर्षांनी नवं मानक येतं आणि जुनी मानकं हळूहळू बाद होत जातात, म्हणून कुणाचं वापरलेलं घेताना आधी अस्तर उचला.

पट्ट्यांच्या बाबतीत मला सर्वांत जास्त काळजी वाटते. घरच्या गाडीत, रोल केज न बसवता, फक्त दिसायला छान म्हणून सहा टोकी हार्नेस, म्हणजे सहा ठिकाणी अडकणारे शर्यतीचे पट्टे, लावणारे बरेच आहेत. गाडी उलटली आणि छत खाली आलं तर मूळचा तीन टोकी पट्टा माणसाला बाजूला कलू देतो. हार्नेस त्याला ताठ धरून ठेवतो, दबणाऱ्या छताखाली. केज नसेल तर मूळचा पट्टाच राहू द्या. आणि हान्स त्या मूळच्या पट्ट्याबरोबर चालत नाही, त्याला दोन्ही खांद्यांवरून येणारे पट्टे लागतात. म्हणजे केज, आसन, हार्नेस आणि हान्स हा एकच जोड आहे, त्यातलं एक आज आणि एक पुढच्या वर्षी असं जमत नाही. हार्नेसलाही वय असतं: एसएफआयचा शिक्का असेल तर दोन वर्षं, एफआयए या मोटरशर्यतींच्या जागतिक संघटनेचा असेल तर पाच. उन्हानं पट्ट्याचा धागा कमजोर होत जातो, बाहेरून ते नेहमी कळत नाही.

जोराचा आघात सोसलेल्या हेल्मेटचं काय करायचं, हे जुने चालक नव्यांना पहिल्याच शर्यतीत सांगतात. ते कपाटावर शोभेला ठेवायचं असेल तर ठेवा, पण आधी कात्रीनं हनुवटीचा पट्टा कापून टाका, म्हणजे उद्या कुणी हौसेनं ते डोक्यावर चढवून गाडीत बसणार नाही.